गोठलेल्या शेतात रायफल घेऊन जाणाऱ्यास



तुम्ही शिकार सोडावी, असं सांगायला हे पत्र लिहीत नाही. हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. माझ्यासारख्या, भारतातून आलेल्या आणि मांसाहार न करणाऱ्या बाईनं हरणांविषयी बोलायला तोंड उघडलं, की ऐकणारा पुढचं वाक्य मनातच पुरं करून टाकतो. तुम्ही तसं करू नका. तुमच्याबरोबर मी रानात आले आहे, तुमचं काम जवळून पाहिलं आहे, आणि ते काम कुणीतरी करायलाच हवं, हे मला मान्य आहे.

माझं मागणं एवढंच, की जमीन सलग आठवडाभर गोठलेली राहिली तर हरणांवरची रायफल खाली ठेवा, आणि जमीन मोकळी होईपर्यंत पुन्हा उचलू नका. कोल्ह्यांबद्दलही एक मागणं आहे, पण त्याचं कारण वेगळं आहे. त्याकडे नंतर वळते.

पत्र तुमच्या नावे असलं तरी ते विल्टशरपासून नॉरफोकपर्यंत जानेवारीच्या कडाक्यात पहाटे उठून, शेतकऱ्याची परवानगी खिशात घालून त्याच्या रानात शिरणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. त्या शेतकऱ्यासाठीही आहे. म्हणूनच ते उघड लिहिते आहे.

मी स्वतः शेतकऱ्याघरची. माझं माहेर विदर्भातलं. हरभरा घाटे धरायला लागला की आमच्याकडे घरटी एक माणूस रात्री जागलीला जातो. मचाणावर शेकोटीची ऊब पोहोचत नाही, खाली रानडुकरांचा कळप शिरला तर डबे वाजवून घसा बसतो, आणि रोह्यांनी एका रात्रीत तुडवलेला हरभरा सकाळी पाहताना बाप काहीही बोलत नाही. तेव्हा पिकात शिरणाऱ्या जनावराकडे मी केवळ कौतुकानं पाहते, असं समजू नका. आमच्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरणावर बंदूक उचलणं हा गुन्हा ठरवला. इथे तीच गोष्ट रीतसर काम आहे. दोन्हीकडची परिस्थिती वेगळी आहे, आणि आमचा कायदा इथे जसाच्या तसा लावा, असं म्हणण्यात अर्थ नाही.

इथे लांडगा नाही. लिंक्सही नाही. दोन्ही माणसांनीच संपवले, त्याला शतकं लोटली. मूळची हरणं दोनच, तांबडं हरिण आणि रो. बाकीची चार, म्हणजे फॅलो, सिका, मुंटजॅक आणि चिनी पाणहरिण, माणसांनी बाहेरून आणलेली. सगळी मिळून ब्रिटनभर सुमारे वीस लाख असावीत, असा अंदाज सर्रास दिला जातो. जंगलात झाडांचे नवे कोंब वर येण्याआधीच खाल्ले जातात, खालचं झुडूप विरळ होतं, आणि त्या झुडपात घरटं करणाऱ्या नाइटिंगेलला जागा उरत नाही. रात्री रस्त्यावर गाड्यांखाली हरणं मरतात, कधी माणसंही. संख्या आटोक्यात ठेवायची तर माद्या माराव्या लागतात, शिंगाळे नर मारून काही साधत नाही. हे तुम्हीच मला समजावलं होतं आणि ते बरोबर आहे.

माद्यांचा हंगाम हिवाळ्यातच का, हेही तुम्ही सांगितलंत. इंग्लंडमध्ये 1991 च्या हरीण कायद्यानुसार रो मादीची शिकार 1 नोव्हेंबर ते 31 मार्च या काळातच करता येते. मे-जूनमध्ये पाडसं जन्मतात, उन्हाळाभर अंगावर पितात. त्या काळात आई मारली तर पाडसं उपाशी मरतील. म्हणून कायद्यानं उन्हाळा वगळला. कायदा करणाऱ्यांच्या मनात दयाच होती. पण त्या दयेतून उरले ते वर्षातले सर्वांत थंड पाच महिने, आणि त्यातल्या थंडीचा विचार मात्र कुणी केला नाही.

तुमच्या जातभाईंना कडाक्याची थंडी का आवडते, ते मी ऐकलं आहे. पानं गळलेली, नेचे करपून आडवे झालेले, त्यामुळे नजर लांब जाते. कोवळा गहू आणि रेपसीड सोडून रानात हिरवं काही उरत नाही, म्हणून हरणं उघड्यावर येतात. एरवी चिकणमातीत चाक रुतेल म्हणून ज्या शेतात गाडी घालता येत नाही, ते शेत गोठलं की दगडासारखं होतं. मारलेलं जनावर थेट गाडीत टाकता येतं, पिकात चाकोरी पडत नाही. माश्या नसतात. मांस लवकर थंड होतं, खराब होत नाही. यातलं एकही कारण खोटं नाही. पण हीच यादी हरणाच्या बाजूनं वाचून पाहा. आडोसा गेला. खाणं एकाच ठिकाणी उरलं, आणि ते ठिकाण उघड्यावर. तुम्हाला जे सोपं झालं ते सगळं त्याच्यावर आलेल्या अडचणीमुळेच सोपं झालं.

हरीण हिवाळा काढतं तो चरून नव्हे, वाचवून. व्हिएन्नातल्या संशोधकांनी तांबड्या हरणांच्या अंगात मोजमापाची यंत्रं बसवली आणि 2004 साली दाखवून दिलं, की थंडीच्या रात्री त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, शरीराच्या बाहेरच्या भागातली ऊब कमी केली जाते, आणि जनावर तासन्‌तास जवळजवळ झोपी गेल्यासारखं स्वस्थ राहतं. रो तर त्याहून लहान, वीस-पंचवीस किलोचं जनावर. अंगावर चरबीचा साठा फार करत नाही. रोज थोडं खायचं, मग आडोशाला बसून रवंथ करायचं, पुन्हा थोडं खायचं, असा त्याचा दिवस. बर्फात असलेल्या त्या जनावराला दिवसातून दोनदा उठवून शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं, तर ज्याच्यावर गोळी झाडलीच नाही त्याचंही नुकसान होतं. तुम्ही एक मारता आणि उरलेली पाच पळतात. त्या पाचांचा हिशेब कुणाच्याच वहीत नसतो.

म्हणूनच स्वित्झर्लंडमध्ये हिवाळ्यासाठी वन्यप्राण्यांचे शांतता-पट्टे आखलेले असतात; तिथे स्कीवाल्यांनाही ठरलेल्या वाटा सोडून जाता येत नाही. शिकारीचं वेड तुमच्याइतकंच असलेल्या देशांनी हे केलेलं आहे.

आणि लांब कशाला जायचं? तुमच्या देशातच नियम आहे. फक्त तो बदकांसाठी आहे. 1981 च्या वन्यजीव आणि ग्रामीण प्रदेश कायद्यानं मंत्र्यांना अधिकार दिला आहे, की कडाक्याच्या थंडीत पाणपक्ष्यांची शिकार काही काळ बंद ठेवावी. हवामान केंद्रं रोज जमिनीची नोंद घेतात. जमीन आठवडाभर गोठलेली राहिली की शिकाऱ्यांच्याच संघटना आपल्या सभासदांना सबुरीनं घ्यायला सांगतात. निम्म्याहून अधिक केंद्रांवर सलग तेरा दिवस तीच स्थिती राहिली, तर पंधराव्या दिवसापासून बंदी लागू होते. डिसेंबर 2010 मध्ये ती लागू झाली होती. मध्य इंग्लंडच्या तापमान नोंदींत तो 1890 नंतरचा सर्वांत थंड डिसेंबर होता. यामागचं तर्कशास्त्र साधं आहे. दलदल गोठली की पक्ष्याला चोच खुपसता येत नाही, तो अशक्त होतो, उरलेल्या थोड्या पाणवठ्यांवर गर्दी करतो, आणि तिथे त्याला मारणं फार सोपं होतं. अशा वेळी मारू नये, हे बदकं मारणाऱ्यांनी मान्य केलं, त्याला चार दशकं झाली. शिकारीचा शौक त्यामुळे मेला नाही.

घोड्यांवरून कुत्री घेऊन कोल्ह्यामागे जाणारी मंडळीसुद्धा जमीन गोठली की बेत रद्द करायची. घोड्याचे पाय मोडू नयेत म्हणून. 1963 सालचा जानेवारी 1814 नंतरचा सर्वांत थंड होता. त्या हिवाळ्यात तबेल्यांतून घोडे आठवडेच्या आठवडे नुसते उभे होते. म्हणजे घोड्यासाठी थांबता येतं आणि बदकासाठीही थांबता येतं. मग त्याच थंडीत, त्याच शेतात, पोटात गर्भ घेऊन उभ्या असलेल्या हरणीसाठी का थांबता येऊ नये?

गर्भाचा उल्लेख मुद्दाम केला. रो हरणाचा माज जुलै-ऑगस्टमध्ये असतो, पण गर्भ तेव्हा वाढत नाही. पेशींचा तो बारीक गोळा गर्भाशयात सुमारे पाच महिने नुसता थांबून राहतो आणि डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीत रुजतो. सगळ्या हरणांत ही गोष्ट एकट्या रोची. म्हणजे नेमक्या गोठणाऱ्या दिवसांत तिचं शरीर एका नव्या कामाला लागलेलं असतं. नोव्हेंबरातली मादी आणि फेब्रुवारीतली मादी कायद्याच्या लेखी एकच आहेत. पोट चिरणाऱ्याच्या लेखी त्या एक नाहीत, आणि तुम्ही पोट चिरता. मार्चमधलं काम नकोसं वाटतं, असं तुमच्याच तोंडून ऐकलं आहे.

त्या सकाळबद्दल लिहायलाच हवं. जानेवारी संपत आला होता. मचाणाच्या पायऱ्यांवर बर्फाचा पापुद्रा होता आणि वर चढताना तुम्ही प्रत्येक पायरी आधी हातमोज्यानं पुसलीत. उजाडलं तेव्हा खालचा गहू पांढरा होता. कुंपणाच्या झाडोऱ्यातून मादी बाहेर आली, मागे दोन पाडसं, आठ महिन्यांची. ती पुढच्या खुरानं जमीन खरवडत होती. खुराचा आवाज वरपर्यंत येत होता, फरशीवर नाणं पडावं तसा. तुम्ही आधी पाडसाला टिपलंत, मग आईला. हाच शिरस्ता आहे, कारण आधी आई गेली तर पाडसं पोरकी होतात. तुमच्या हाताला जराही कंप नव्हता. दोघंही जागच्या जागी पडली. दुसरं पाडस झाडोऱ्यात पळालं आणि थोड्याच वेळात परत आलं. आईजवळ येऊन उभं राहिलं, मान वर करून. तुम्ही दुर्बिणीतून त्याच्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिलात आणि बार केला नाहीत. त्याच्या मागे गोठलेली उघडी चढण होती, पलीकडे गल्लीवजा रस्ता. मऊ जमिनीत गोळी रुतते. गोठलेल्या जमिनीवरून ती उसळी घेऊन कुठेही जाऊ शकते. तुम्ही नेम सोडलात, ते योग्यच केलंत. पण त्यामुळे ते पाडस तसंच राहिलं.

मग खाली उतरून तुम्ही मादीचं पोट उघडलंत. वाफ तुमच्या कोपरापर्यंत आली. जठरात गव्हाची हिरवी पात होती, थोडीच. तुम्ही आतड्यांवरच्या गाठी बोटांनी चाचपून रोग नसल्याची खात्री केलीत, आणि मग मूत्रपिंड तळहातावर घेऊन मला दाखवलंत. नोव्हेंबरात हे चरबीत बुडालेलं असतं, दिसतसुद्धा नाही, असं म्हणालात. आता त्याचा तांबडा रंग उघडा पडला होता, कडेला पिवळसर चरबीची बारीक दोरी तेवढी उरलेली. ते पाडस पुढे काही दिवस त्याच बांधाला दिसत होतं. नंतर दिसलं नाही. कुठे गेलं, मला ठाऊक नाही. थंडी अजून सरली नव्हती.

यात तुमचा दोष कुठे आहे, असं विचाराल तर त्या सकाळी तुम्ही केलेल्या कुठल्याच गोष्टीत मला दोष दिसत नाही. दोष ती सकाळ निवडण्यात होता. हेच काम नोव्हेंबरच्या मध्यावर झालं असतं, तर मादीच्या अंगावर मांस असतं, गर्भ रुजलेला नसता, जमीन मऊ असती म्हणून तिसरी गोळीही झाडता आली असती, आणि बांधावर कुणी उरलं नसतं. माद्या मारण्याचं काम मी अडवत नाही. ते वेळेवर उरका, एवढंच म्हणते.

यावर तुमचं उत्तर मला माहीत आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात फेझंटच्या शिकारी चालतात, त्या मंडळींना रानात हरणांवर रायफल चाललेली नको असते. पहाटे धुकं असतं, आठवडाभर नोकरी असते, शनिवार-रविवारच हाती राहतात. सूर्यास्तानंतर तासाभरानं हरणावर गोळी झाडायला कायद्यानं मनाई, आणि दिवस तर चार वाजताच मावळतो. फेब्रुवारीत फेझंटवाले गेले की मग सवड मिळते. अडचणी खऱ्या आहेत. पण यातली मुख्य अडचण हरणाची नव्हे, दोन शिकाऱ्यांमधली आहे. शेताचा मालक एक आहे. त्यानं दोघांना एका टेबलाशी बसवून नोव्हेंबरातले आठवड्याचे दोन दिवस रायफलवाल्याला द्यावेत. हे काही अशक्य नाही.

शिवाय मी मागते आहे ते किती थोडं आहे, पाहा. सलग आठवडाभर जमीन गोठलेली राहण्याचे हिवाळे आता दक्षिण इंग्लंडात क्वचित येतात. 2010 चा डिसेंबर, 2018 साली फेब्रुवारी संपता संपता पूर्वेकडून आलेली ती थंडीची लाट, अशी उदाहरणं आठवून सांगावी लागतात. बहुतेक वर्षी माझ्या मागण्यापायी तुमचा एक दिवसही बुडणार नाही. जखमी जनावर असेल, गाडीनं धडक दिलेलं असेल, तर ते कधीही मारा. त्याला मी अपवादही म्हणणार नाही, तो धर्मच आहे.

आता कोल्ह्याकडे वळते.

हरणाला हंगाम आहे, कोल्ह्याला नाही. बारा महिने, दिवसा आणि रात्री, तुम्ही त्याला मारू शकता. 2004 च्या शिकार कायद्यानं कुत्र्यांच्या झुंडीनं त्याचा पाठलाग करणं बंद केलं, पण रायफलीला हात लावला नाही. आणि आता रायफलीवर थर्मल दुर्बीण आली आहे. गोठलेल्या रात्री सगळं शेत थंड, काळं दिसतं आणि त्यात कोल्ह्याचं ऊबदार अंग पांढऱ्या ठिपक्यासारखं झळकतं. शेताच्या पार पलीकडचा कोल्हा दिसतो, बर्फाखालच्या उंदराची चाहूल घेत एक पाय उचलून थबकलेला. चेक संशोधकांनी 2011 साली नोंदवलं, की बर्फात किंवा उंच गवतात उडी घेताना कोल्हे बहुधा ईशान्येकडे तोंड करतात आणि त्याच दिशेची उडी जास्त वेळा साधते; पृथ्वीच्या चुंबकत्वाचा ते अंतर मोजायला उपयोग करत असावेत, असा त्यांचा कयास आहे. इतकं विलक्षण जनावर केवळ दिसलं म्हणून मारलं जातं, हे मला सहन होत नाही.

कोल्हा मारायला कारण कधी असतंच. जमिनीवर घरटं करणाऱ्या कर्ल्यू आणि टिटव्यांसाठी ते आहे. नॉर्थंबरलंडमधल्या ऑटरबर्नला वर्षानुवर्षं चाललेल्या प्रयोगात कोल्हे, कावळे आणि मुंगसासारखे छोटे शिकारी आवरल्यावर अशा पक्ष्यांची वीण सरासरी तिप्पट यशस्वी झाली. ज्या कुरणात कर्ल्यू खरोखर अंडी घालतो, तिथे वसंताच्या तोंडावर तुम्ही कोल्हा मारलात तर मी हरकत घेणार नाही. मेंढ्या विण्याच्या वाड्याभोवती रोज घिरट्या घालणारा कोल्हा असेल, तरी नाही. पण ज्या शेतात ना कर्ल्यू आहे ना मेंढी, नुसता गहू आणि त्या गव्हावर ताव मारणारे ससे व उंदीर आहेत, तिथे कोल्हा शेतकऱ्याचा गडी आहे. त्याला तिथे मारून काय मिळवलंत? संख्या कमी केली म्हणाल, तर 2001 साली लाळ्या-खुरकुताच्या साथीमुळे जवळजवळ वर्षभर कुत्र्यांसह होणारी कोल्ह्यांची शिकार बंद होती. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी आधीच्या आणि नंतरच्या खुणा मोजल्या. कोल्हे वाढले नव्हते. एक मारला की रिकाम्या जागेत दुसरा येतो, आणि हिवाळा तर तरण्या कोल्ह्यांच्या भटकंतीचाच काळ.

जानेवारीत कोल्ह्यांची मीलनाची वेळ असते. रात्री जी कर्कश किंकाळी ऐकू येते ती बहुधा मादीची. सुमारे बावन्न दिवसांनी, मार्चच्या मध्यापासून पुढे, बिळात पिल्लं होतात. त्यानंतर मारलेली मादी म्हणजे जमिनीखाली उपाशी मरणारी पिल्लं. जर्मनीचा शिकार कायदा पिल्लं वाढवत असलेल्या आईबापांना मारायला मनाई करतो, कोल्ह्यासकट. ब्रिटनमध्ये तसं कलम नाही. ते यावं म्हणून तुमच्या संघटनांनी स्वतः मागणी करावी. शिकारीच्या विरोधकांनी मागितलं तर भांडण होईल, तुम्ही मागितलंत तर कायदा होईल.

तोवर दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. शेतकऱ्याकडून परवानगीचा कागद घेता, त्यावर शेतांची नावं, गाडीची वाट, गोळी कुठल्या दिशेला झाडायची नाही, हे सगळं लिहिलेलं असतं. त्यात आणखी दोन ओळी लिहून घ्या. जमीन सात दिवस गोठलेली राहिल्यास, जखमी जनावर सोडून, हरणांवर गोळी नाही. आणि कोल्ह्यावर गोळी फक्त ठरलेल्या कुरणांत, ठरलेल्या कारणासाठी, मार्चच्या मध्यापर्यंतच. आमच्या शेतमालकाला मी याबद्दल आधीच सांगितलं आहे. तुम्ही तयार असाल तर त्याची ना नाही. ऑक्टोबरात तुमच्या परवानगीचं नूतनीकरण होतं, त्या दिवशी मीही येईन म्हणते. फेझंटवाल्यांनाही बोलावू. नोव्हेंबरातले वार त्याच बैठकीत ठरवून टाकू.

कळावे, लोभ असावा.

आपली,
शेताकडेच्या घरातली शेजारीण